समोरची पार्टी

माझ्या सासऱ्यांचं मूतखड्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा दवाखान्यात सगळ्यांत आधी भेटायला आले ते आमचे शेजारी दादाराव तायडे. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांनी विचारलं, “समोरची पार्टी कोन हाये?”

सासरे सलाईन लावलेलं असतानाही हुशार. म्हणाले, “मूतखडा.”

“केवढा?”

“वाटाण्याएवढा.”

“बाप्पा! वाटान्याले भेऊन राहिले तुमी? हारला थो. उद्या दुपारपर्यंत मैदान सोडून पयते का नाई, पाहा.”

नर्सने त्यांना बाहेर काढलं. निघता निघता ते तिलाही बजावून गेले, “सिस्टर, पेशंट आमचा आन खडा समोरचा. गल्लत करू नका.”

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन अमरावतीला, राजापेठेतल्या या गल्लीत आले, त्या दिवशी टॅक्सीतून उतरताना पहिला आवाज कानावर पडला तो याच गृहस्थांचा. “समोरची पार्टी कोठची?” ते माझ्या नवऱ्याला विचारत होते. त्याने “पुण्याची” म्हणून सांगितलं. दादारावांनी मला एकदा नीट न्याहाळलं आणि गंभीरपणे मान हलवली. “तगडी हाये. जपून राय.” तेव्हापासून मी गल्लीत ‘पुनेकर मॅडम’ आहे. दहावीच्या गणिताचे क्लास घेते, निम्म्या राजापेठेला मी वर्गमूळ शिकवलंय, पण नाव काही बदललं नाही.

दादाराव पाटबंधारे खात्यात कारकून होते, तिथूनच निवृत्त झाले. उंच, सडसडीत, केस अजून दाट आणि त्यांना कलप इतका काळा की उन्हात निळा दिसतो. या माणसाला प्रतिस्पर्ध्याशिवाय काहीही करता येत नाही. सकाळी फिरायला जायचं तर समोरच्या घरातले देशपांडे वकील दाराबाहेर पडेपर्यंत हे ओट्यावर ताटकळत बसणार आणि मग त्यांच्या पुढे चार पावलं राहून चालणार. वकील थांबले की हेही थांबणार. लोणचं घातलं की बरणी घेऊन आमच्याकडे येणार. “तुमचं काढा. दोनी एका ताटलीत ठेवा. डोये मिटून खा आन सांगा.” माझ्या क्लासच्या मुलांना परीक्षेआधी हटकून विचारणार, “समोरची पार्टी कोन?” मुलं म्हणायची, “पेपर काढणारा.” “मंग थ्याच्याबद्दल मनात इज्जत ठेवा. इज्जत ठेवली का भेव वाटत नाई.”

देशपांडे वकिलांचा या शब्दावर आक्षेप होता. ‘समोरची पार्टी’ हा कोर्टातला शब्द आहे आणि तो भलत्याच ठिकाणी वापरला जातोय, असं त्यांचं म्हणणं. त्यावर दादाराव म्हणाले, “वकीलसाहेब, तुमी समोरच्या पार्टीले नोटीस देता. आमी पानी देतो. शब्द एकच, पन घरानं येगयं.”

हे घराणं म्हणजे कव्वालीच्या मुकाबल्याचं. तरुणपणी दादारावांची स्वतःची गाण्याची पार्टी होती. पेटी, बेंजो, ढोलक, मागे टाळ्या धरणारे चौघे आणि मध्ये काळा जोधपुरी कोट घातलेले दादाराव. जयंतीच्या दिवसांत अकोला, बाळापूर, अकोट असा त्यांचा दौरा चाले. एका बाजूच्या स्टेजवर यांची पार्टी, दुसऱ्या बाजूच्या स्टेजवर दुसरी. यांनी गाण्यातून सवाल टाकायचा, समोरच्यांनी गाण्यातूनच जबाब द्यायचा. मध्ये माणसांचा नुसता समुद्र. पण सुरू करण्याआधी समोरच्या पार्टीला पाणी विचारायचं, हा नेम होता. दादाराव सांगत, “प्यासा मानूस हारला तं त्यात आपली काय शान?”

अशाच एका मुकाबल्यासाठी अकोटला दादाराव स्टेजवर तयार बसले होते. समोर अकोल्याची एक नवी गायिका येणार होती. वेळ झाली, लोक जमले, पण बाईंचा पत्ता नाही. समोरचं स्टेज रिकामं. लोक चुळबुळायला लागले. दादारावांनी पेटी ओढली आणि तिथल्या तिथे जुळवून गायले:

“समोरच्या पार्टीले ताप भरला,
माहं नाव आयकून घाम फुटला!”

मंडपात एकच हशा. आणि तेवढ्यात मंडपाच्या अगदी मागून, माईक नाही, साज नाही, नुसता एक बायकी, जरा खरखरीत आवाज आला:

“येऊन राहिली, मी येऊन राहिली,
जीप बंद पडली तं पायी येऊन राहिली!”

लोकांनी मागे वळून पाहिलं. डोक्यावर पेटी घेतलेली, पायभर धूळ माखलेली एक मुलगी गर्दीतून वाट काढत स्टेजकडे येत होती. मागे तिचे साथीदार ढोलक खांद्यावर टाकून धापा टाकत होते. लोकांनी वाट दिली. दादाराव ही गोष्ट सांगताना इथे नेहमी थांबत आणि कबूल करत, “मी पानी विचाराचंही भुललो.”

ते त्या दिवशी हरले. पुढल्या वर्षी बाळापूरला पुन्हा हरले. मग त्यांनी आपल्या वडिलांना अकोल्याला पाठवून तिला मागणी घातली. तिचं नाव शकुंतला. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. गल्लीतल्या बायका गमतीने म्हणत, मावशींना हरवता येईना म्हणून दादारावांनी त्यांना घरीच आणलं. मावशी हसून म्हणायच्या, “घरी आनून तरी कोठी जिंकले?”

खरंच होतं ते. त्यांच्या घरात साधं बोलणं मी फार कमी ऐकलं. सकाळी हे ओट्यावरून पेटीवर बोट ठेवून चहा मागायचे, आतून भाकरी थापत मावशी गाण्यातच नकार द्यायच्या. माझ्या क्लासमधली मुलं तेवढ्यापुरती गणितं थांबवायची. मीही थांबवू द्यायचे.

सहा वर्षांपूर्वी मावशी गेल्या. दादारावांनी पेटीला खोळ घातली आणि ती कपाटावर चढवली. बोलणं तसंच राहिलं, मोठ्याने, तावातावाने. लोणच्याची बरणी येत राहिली, वकिलांच्या पुढे चार पावलं चालणं चालू राहिलं. पण गाणं बंद. कोणी आग्रह केला की म्हणत, “गळा बसला.” सहा वर्षं बसलेला गळा आम्ही कोणी तपासायला गेलो नाही.

त्यांची मुलगी अकोल्याला शाळेत शिक्षिका. तिची मुलगी प्रज्ञा. प्रत्येक उन्हाळ्यात ती इथे यायची आणि मावशींच्या शेजारी, स्वयंपाकघरातल्या जमिनीवर बसून गायची. ती मोठी होऊन मुंबईला गेली, पॉप गाणी करायला लागली. एका बाजूने डोकं भादरलेलं आणि दुसऱ्या बाजूने लांब केस, अशी ती पहिल्यांदा गल्लीत आली तेव्हा मी मनात धसकले, आता आजोबा काय म्हणतात! दादाराव तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, “दोनी पार्ट्या एकाच डोक्यावर बसवल्या. वा!”

आणि मग ती बातमी आली. बऱ्याच देशांची मिळून एक मोठी गीतस्पर्धा असते, प्रत्येक देशाने आपलं एकेक नवं गाणं पाठवायचं. भारताकडून प्रज्ञाचं गाणं निवडलं गेलं होतं. कडवी हिंदीत, मध्ये थोडं इंग्रजी, आणि ध्रुवपद? ध्रुवपद होतं, “रस्ता सोड, मी येऊन राहिली.”

दादारावांना ही बातमी मीच मोबाईलवर दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, “म्हंजे भारत एका स्टेजवर आन बाकी दुनिया दुसऱ्या?”

“तसंच काहीसं.”

“आन भारत म्हंजे आपली पोट्टी?”

“हो.”

ते उठले. समोर वकिलांच्या दारात जाऊन कडी वाजवली आणि बाहेर आलेल्या वकिलांना म्हणाले, “साहेब, आजपासून तुमी माह्या पुढे चाला. मले आता लहान मुकाबले परवडत नाई.”

पुण्याहून माझ्या आईचा फोन आला. तिने गाणं ऐकलं होतं. “चाल छान आहे गं,” ती म्हणाली, “पण ‘येऊन राहिली’ म्हणजे? येऊन कुठे राहिली?” मी समजावलं, की इकडे ‘येते आहे’ला ‘येऊन राहिली’ म्हणतात. “मग सरळ ‘येते आहे’ म्हणावं ना. मला वाटलं, आली आणि मुक्कामाला राहिली.” मी हसत हसत हे दादारावांना सांगितलं. मला वाटलं, आता पुण्याचा उद्धार होणार. पण ते म्हणाले, “तुमच्या आईलेही सांगा, दोनी अर्थ बरोबर हाये.”

पण आईसारखे प्रेमाने विचारणारे थोडे. टीव्हीवर चर्चा झाली, जगापुढे अशुद्ध मराठी का न्यायची म्हणून. गाणं बसवणाऱ्या मुंबईतल्या मंडळींचं मत वेगळंच पडलं. त्यांचं म्हणणं, देशाचं गाणं आहे तर ध्रुवपद साऱ्या देशाला कळेल असं हिंदीत करावं. ‘आ रही हूँ मैं.’ मात्रा बसतात, अर्थ तोच, मग अडचण काय?

जायच्या आधी प्रज्ञा दोन दिवस अमरावतीला आली. चेहरा उतरलेला. संध्याकाळी ओट्यावर आजोबांजवळ बसली, मी समोर पालक निवडत होते.

“दोन शब्दांचा तं प्रश्न हाये आबाजी,” ती म्हणाली. “हिंदी काय परकी हाये का? मी हो म्हनून टाकते.”

“समोरची पार्टी कोन हाये?” दादारावांनी विचारलं.

“कोनीच नाई. सारे आपलेच हाये. चांगले हाये. माह्यासाठी लय मेहनत करून राहिले.”

“हेच तं वाईट,” ते म्हणाले. “परका असता तं सवाल-जबाब झाला असता. आपल्याइसंगे मानूस समजूत काढत बसते.”

ते आत गेले. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात पेटी होती. खोळ काढली, धूळ उडाली, आम्ही दोघी शिंकलो. त्यांनी ओट्याच्या या टोकाला बसकण मारली आणि प्रज्ञाला त्या टोकाकडे बोट दाखवलं.

“बस थ्या बाजूनं. मी बंबईवाल्याइची पार्टी. तू तुही.”

“आबाजी, काहून गंमत करता?”

“पानी पेतं का?”

ती हळूच म्हणाली, “पेते.”

आणि सहा वर्षांनी दादाराव गायले. आवाज सुरुवातीला गंजलेल्या बिजागरीसारखा करकरला, मग सैल झाला. मला वाटलं होतं, ते हिंदीची टिंगल करतील. बिलकूल नाही. त्यांनी समोरच्यांची बाजू जीव ओतून मांडली, गोड, अदबीने, पटेल अशी:

“सारी दुनिया सुनेगी, तू मीठा बोल,
गाँव की बोली का वहाँ क्या मोल?”

मान्य करावंसंच वाटलं. प्रज्ञा खाली मान घालून बसली. गल्लीतली दारं उघडायला लागली. वकील बनियनवर बाहेर आले. दादारावांनी तीच ओळ पुन्हा घेतली, जरा चढ्या सुरात, डिवचत. पुन्हा घेतली. तिसऱ्या वेळी ती ओळ संपायच्या आत प्रज्ञाने टाळी मारली:

“मोल कराले मी काई कापूस आनला नाई,
आजीचा बोल हाये, थो विकाले काढला नाई!”

गल्ली ओरडलीच. वकिलांनी तर “ऑब्जेक्शन!” म्हणून आरोळी ठोकली, कोणाच्या बाजूने ते त्यांनाही माहीत नव्हतं. ती उभी राहिली आणि रस्त्यात उतरून, येणाऱ्याजाणाऱ्या स्कूटरवाल्यांना हाताने थांबवत गायला लागली, “रस्ता सोड, मी येऊन राहिली!” स्कूटरवाले थांबले. एकाने हॉर्नवर ठेका धरला.

दादारावांनी पेटीचा भाता बंद केला. दोन्ही हात जोडून म्हणाले, “हारलो.”

हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. आणि हा शब्द उच्चारताना इतका खूश झालेला माणूसही मी पाहिला नव्हता.

प्रज्ञाने तिथूनच मुंबईला फोन लावला. भांडली नाही. म्हणाली, बाकी सगळं तुम्ही सांगाल तसं, पण ही ओळ बदलायची असेल तर दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. त्या मंडळींनी थोडं ताणलं, एक रात्र विचार केला आणि सकाळी मान्य केलं. चांगली माणसं होती, प्रज्ञा म्हणाली तशी.

स्पर्धा कझाकस्तानात होती. आपल्याकडेही संध्याकाळच असणार होती. वकिलांच्या भिंतीवर मोठा पांढरा पडदा बांधला, गल्ली दोन्हीकडून बंद केली. दादारावांनी जोधपुरी कोट घातला होता. तो पोटावर घट्ट बसत होता आणि खांद्यावर लोंबत होता. त्यांनी गल्लीच्या एका बाजूला आम्हा सगळ्यांना बसवलं आणि दुसऱ्या बाजूला खुर्च्यांची वेगळी रांग मांडली.

“या कोणासाठी?” मी विचारलं.

“समोरच्या पार्ट्या.”

माझ्या क्लासच्या मुलामुलींना त्यांनी त्या खुर्च्यांवर बसवलं. एकेकाला एकेक देश दिला. कोणी जपान, कोणी व्हिएतनाम. मंगोलिया झालेल्या मुलीने तक्रार केली, की मंगोलिया कुठे आहे हेच तिला माहीत नाही. “तुले माहीत नाई, तरी थे तं हाये ना आपल्या जागेवर,” दादाराव म्हणाले आणि सगळ्या देशांना स्वतःच्या हाताने पाणी दिलं. मग आमच्याकडे वळले. “कोनाच्या गान्यात खोट काढाची नाई. दाद द्याची. मंग हारवाचं.”

आम्ही दाद दिली. जपानला दिली, व्हिएतनामला दिली. मंगोलियाची एक मुलगी आली, लांब वेण्यांची, आणि काहीतरी संथ, काळजात उतरणारं गायली. आपल्या म्हाताऱ्या घोड्याविषयी गाणं आहे, असं पडद्यावर खाली लिहून येत होतं. दादाराव डोळे मिटून ऐकत होते. “तगडी हाये,” ते पुटपुटले. “घोड्यासाठी एवढी रडते, म्हंजे मन साफ हाये.”

मग भारताचं नाव पुकारलं. पडद्यावर स्टेज दिसलं. रिकामं. दिवे लागले, कोणी नाही. वाद्यं वाजेनात. गल्लीत कुजबुज सुरू झाली. “काय झालं? लाईट गेली का थ्याइची?” कोणीतरी म्हणालं. मी दादारावांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या कडेवर आले होते.

आणि सभागृहाच्या मागच्या दारातून, माईक नाही, साज नाही, नुसता एक जरा खरखरीत आवाज आला. “येऊन राहिली, मी येऊन राहिली...” कॅमेरे गर्रकन वळले. हजारो माणसं मागे वळली. त्यांच्यातून वाट काढत, अर्धं डोकं भादरलेली आमच्या अकोल्याची पोरगी स्टेजकडे चालत येत होती. निम्मी वाट संपल्यावर ढोलक सुरू झाली, मग सगळी वाद्यं, मग दिव्यांचा कल्लोळ. तिसऱ्या ध्रुवपदाला तिने हात पुढे केला आणि ज्यांना मराठीचा ‘म’ माहीत नाही ती माणसं गायला लागली. “येउन राइली! येउन राइली!” त्यांचे उच्चार आमच्या वऱ्हाडीसारखेच आले. गल्लीत लोक खुर्च्यांवर उभे होते. समोरच्या रांगेतला मंगोलिया आपलं पद सोडून नाचत होता. मी पुण्याची आहे, मी सहसा सार्वजनिक ठिकाणी ओरडत नाही. त्या दिवशी घसा दोन दिवसांसाठी गेला.

दादाराव तेवढे बसून होते. एक हात माझ्या नवऱ्याच्या मनगटावर होता. नवरा नंतर म्हणाला, बोटांचे वळ उठले होते.

भारताचा नंबर आठवा आला. जिंकला मंगोलिया. वकील प्रचंड संतापले, मतमोजणीच्या पद्धतीवर त्यांनी तिथल्या तिथे तीन मुद्दे काढले. दादारावांनी त्यांना हाताने थोपवलं आणि प्रज्ञाला फोन लावून घेतला. आम्हाला वाटलं, तिचं सांत्वन करतील.

“हॅलो! थ्या घोडेवाल्या पोरीले भेटली का? नाई? मंग काय करून राहिली? जाय आधी, हार घाल तिले! हार नसन तं ओढनी घाल. आन सांग, अमरावतीच्या दादाराव तायड्यानं दाद देल्ली म्हनून!”

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मंगोलियाची मुलगी प्रज्ञाची नारिंगी ओढणी गळ्यात घालून हसत होती. त्यानंतर महिनाभर राजापेठेत दुसरं गाणं वाजलं नाही. ऑटोत तेच, लग्नात तेच, भाजीवाल्याच्या गाडीवर तेच. माझ्या आईने फोनवर सांगितलं, “गुरुवारच्या गाडीने मी येऊन राहिले आहे.” व्याकरण थोडं चुकलं होतं, पण मी दुरुस्त केलं नाही.

प्रज्ञा परत आल्यावर अकोटच्या लोकांनी तिचा सत्कार ठेवला. दादाराव, मी आणि माझा नवरा एसटीने गेलो. दुपारची सभा होती, मैदान भरलेलं. दादारावांनी भाषण केलं आणि आठव्या नंबरचं श्रेय एकेक करून स्वतःला, अकोटच्या मातीला, वकिलांबरोबरच्या सकाळच्या चालण्याला आणि जरासं प्रज्ञाला दिलं. लोक पोट धरून हसले. प्रज्ञा तर स्टेजवर डोळे पुसत हसत होती.

सभा संपली. प्रज्ञाला लोकांनी घेरलं, माझा नवरा बसची चौकशी करायला गेला. दादाराव आणि मी मंडपाच्या कडेला उभे होतो, तेव्हा पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ लाऊडस्पीकरची वायर गुंडाळत आमच्याकडे आले. रहीमभाई. या भागात पूर्वीपासून मंडप आणि लाऊडस्पीकर त्यांचाच.

“दादारावभाऊ, मुबारक,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, “तेल्हाऱ्याला एक पेटी निकली जुन्या कॅसेटींची. मी स्वतः जाऊन साऱ्या आयकल्या. त्यात बी नाही निकली.”

“राहू द्या,” दादाराव म्हणाले.

“बाळापूरला एक जण आहे, त्याच्या माळ्यावर...”

“राहू द्या रहीमभाई. आता राहू द्या.”

दादाराव प्रज्ञाकडे गेले, तिकडून कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. मी रहीमभाईंना विचारलं, कोणती कॅसेट? त्यांना वाटलं होतं, मला माहीत असेल.

त्या काळी मुकाबले लोक टेपवर भरून घ्यायचे. पण कॅसेट जपून वापरायची असायची. नाव दादारावांचं होतं, तेव्हा त्यांची बारी आली की टेप सुरू करायचे आणि बाईंची बारी आली की बंद. शकुंतलामावशींचं गाणं कोणीच भरून ठेवलं नव्हतं. मावशी गेल्यापासून दादाराव एकटे बसने येत, गावोगाव मंडपवाल्यांना, साउंडवाल्यांना भेटत. एखाद्या टेपवर चुकून तिची ओळ राहिली असेल म्हणून. आम्हाला सांगायचे, मुलीकडे अकोल्याला जाऊन येतो.

“पोतंभर कॅसेटी आयकल्या असतील भाऊंनी,” रहीमभाई म्हणाले. “एकदा मले म्हनले, रहीमभाई, माहे सवाल सारे भेटले. तिचा एक जबाब नाही भेटला.”

परत निघताना बस स्टँडवर गर्दी होती. नवरा रांगेत उभा राहिला. दादाराव आणि मी बाकावर बसलो. भाषणाचा जोर ओसरला होता, कोटाची बटणं त्यांनी सोडली होती. थोड्या वेळाने ते म्हणाले, “मॅडम, तुमच्या मोबाईलमंधी थे गानं हाये ना? पोट्टीचं?”

“आहे की.”

“सारं नोका लावू. साज सुरू व्हाच्या आधीचं तेवढं लावा. मांगच्या दारातलं.”

मी शोधून लावलं आणि फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. फोन माझ्या हातातून घेतला आणि कोणाचा तरी फोन यावा तसा कानाला लावला. दुसऱ्या हाताने दुसरा कान झाकला. स्टँडवर गाड्यांची घरघर चालली होती, कंडक्टर ओरडत होते. आमची बस लागली. नवऱ्याने लांबून हात केला. मी त्याला थांबायची खूण केली.

दादारावांनी मान किंचित खाली घातली, आणि त्या कलकलाटात मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, “हं. आयकून राहिलो. बोल.”